३२ जीबीच्या मशीनवर ४६ जीबी

तुमच्यापैकी जे एमएस्सी, एमसीए किंवा एमटेकच्या शेवटच्या वर्षाला आहेत त्यांच्या वर्गात एक प्रोजेक्ट हमखास असतो: चालू प्रोसेसवर नजर ठेवणारं छोटंसं टूल. पायथॉनमध्ये लिहिलेलं, आत पीएसयूटिल नावाची लायब्ररी, वर एक रंगीत आलेख, आणि 'सीपीयू ८० टक्क्यांच्या वर गेला की मेल जातो' अशी सोय. रिपोर्टच्या दुसऱ्या प्रकरणात एक तक्ता असतो. डावीकडे टॉप, एचटॉप, ग्लान्सेस ही जुनी टूल्स, उजवीकडे 'प्रस्तावित प्रणाली', आणि बरोबरच्या खुणा सगळ्या फक्त उजव्या रकान्यात. मीसुद्धा असा प्रोजेक्ट केला आहे. माझ्या तक्त्यात नऊ खुणा होत्या. मार्क चांगले पडले.

पीएचडीला आल्यावर तेच टूल झाडूनपुसून प्रयोगांसाठी वापरायला घेतलं, आणि त्यानं मला एका खोट्या निष्कर्षाच्या इतकं जवळ नेऊन ठेवलं की आजही आठवलं की पोटात गोळा येतो. हा लेख म्हणजे त्या टूलची समीक्षा आहे. त्या निमित्तानं टॉप, पीएस आणि एचटॉप यांचीही, कारण माझं टूल त्यांचीच नक्कल होतं. सॉफ्टवेअरची समीक्षा म्हणजे कोणती सोय आहे नि कोणती नाही याची यादी, असा आपल्याकडे समज आहे. मला इथं वेगळं काहीतरी बघायचं आहे. हे टूल नक्की कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतंय, आणि तो प्रश्न माझा आहे का?

आधी घडलं ते सांगते.

आमचं काम एका मोठ्या डेटासेटवर एकाच वेळी आठ वर्कर चालवण्याचं होतं, कोड सी प्लस प्लसमध्ये. दोन पद्धतींची तुलना करायची होती. पहिलीत मूळ प्रोसेस सगळा डेटा मेमरीत घेते आणि मग फोर्क करून आठ पोरं जन्माला घालते. दुसरीत प्रोसेस एकच, पण आत आठ थ्रेड. माझं टूल दर सेकंदाला प्रत्येक प्रोसेसची आरएसएस वाचायचं, म्हणजे तिची रॅममध्ये असलेली मेमरी. मग एका प्रयोगातल्या सगळ्या प्रोसेसची बेरीज करायचं आणि त्यातला कमाल आकडा लिहून ठेवायचं. आकडे असे आले: थ्रेडवाली पद्धत ५.४ जीबी, फोर्कवाली पद्धत ४५.९ जीबी. साडेआठपट फरक! माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? मी तेच केलं. पेपरच्या गोषवाऱ्यात दुसऱ्याच वाक्यात तो आकडा टाकला.

मसुदा आम्ही तिघांनी वाचला. माझ्या गाईडनी वाचला, दुसऱ्या सहलेखकांनी वाचला, मी तर पंधरा वेळा वाचला असेन. सबमिशनला दोन दिवस उरले होते. आमच्या लॅबमध्ये एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी प्रोजेक्टसाठी यायची, तिला मी स्पेलिंग बघायला दिला. तासाभरानं ती म्हणाली, "ताई, चौथ्या पानावर मशीनला ३२ जीबी रॅम आहे असं लिहिलंय. स्वॅप बंद ठेवला होता असंही लिहिलंय. मग सहाव्या पानावर ४६ जीबी कुठून आले?"

खरं सांगायचं तर माझी पहिली प्रतिक्रिया तिला समजावून सांगण्याची होती. तोंड उघडलं, आणि सांगण्यासारखं काहीच नाही हे लक्षात आलं.

आता हे ४६ आले कुठून ते बघू, कारण या एका आकड्यात बरंच काही दडलंय. एखाद्या जुन्या वाड्यात चार बिऱ्हाडं राहतात असं समजा. प्रत्येकाच्या दोन खोल्या, आणि मधलं अंगण सगळ्यांचं. तुम्ही दारोदार जाऊन विचारलं, "तुमच्या वापरात जागा किती?" तर प्रत्येक जण आपल्या खोल्या अधिक अख्खं अंगण असं उत्तर देईल. कुणी खोटं बोलत नाही. पण चौघांची उत्तरं मिळवून वाड्याचं क्षेत्रफळ काढलंत तर कागदावर चार अंगणं येतील. आरएसएस हे तसलं उत्तर आहे. या प्रोसेसच्या हाताशी आत्ता रॅममधली किती पानं जोडलेली आहेत, एवढंच ती सांगते. त्या पानांवर आणखी कुणाचा हात आहे का, हे सांगत नाही.

फोर्क झाल्यावर लिनक्स पोरासाठी डेटाची नवी प्रत काढत नाही. पानांकडे बोट दाखवणारा नकाशा तेवढा पोराला मिळतो, पानं तीच. कुणी एखाद्या पानावर लिहायला गेलं तरच त्या एका पानाची वेगळी प्रत निघते. आमचे वर्कर डेटा फक्त वाचत होते. म्हणजे ५ जीबीचं अंगण सगळ्यांचं, आणि प्रत्येकाच्या स्वतःच्या खोल्या ०.१ जीबीच्या. माझ्या टूलचा हिशेब होता ५.१ गुणिले ९, म्हणजे ४५.९. खरा हिशेब ५ अधिक ०.९, म्हणजे ५.९ जीबी. थ्रेडवाली पद्धत ५.४. साडेआठपटीचे राहिले शेकडा नऊ.

हे मोजण्याची योग्य सोय नव्हती असं म्हणायचीही सोय नाही. पीएसएस नावाचं एक माप आहे. त्यात सामाईक पान जितक्या प्रोसेसमध्ये वाटलेलं असेल तितक्यांनी त्याला भागतात, म्हणजे प्रत्येक बिऱ्हाडाच्या नावावर पाव अंगण. त्यामुळे बेरीज केली तरी चालते. प्रत्येक प्रोसेसच्या स्मॅप्स या फाईलमध्ये हे माप मिळतं, आणि २०१७ साली आलेल्या लिनक्स ४.१४ पासून त्याची एकत्रित बेरीज देणारी स्मॅप्स रोलअप नावाची फाईलही आहे. पीएसयूटिलमध्येही ते आहे, पण वेगळ्या फंक्शनखाली, आणि ते फंक्शन बरंच हळू चालतं अशी सूचना डॉक्युमेंटेशनमध्ये दिलेली आहे. मी ती सूचना वाचली होती. हळू चालतं म्हणून मी ते फंक्शन टाळलं होतं. आपलं टूल हलकंफुलकं आहे असं रिपोर्टात लिहायचं होतं ना!

मग प्रश्न पडतो की टॉपपासून सगळी टूल्स आरएसएसच पुढे का करतात? यासाठी थोडं मागे जावं लागेल.

टॉप १९८४ साली विल्यम लफेव्हर यांनी लिहिलं. व्हीएमएस या त्या काळच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर सर्वाधिक सीपीयू खाणाऱ्या प्रोसेस दाखवणारी एक कमांड होती, ती बघून त्यांना हे सुचलं. (आज लिनक्सवर आपण वापरतो तो प्रोग्रॅम वेगळा, पण पडद्याची मांडणी त्याच घराण्यातली.) योगायोग असा की त्याच १९८४ साली टॉम किलियन यांनी युझनिक्सच्या परिषदेत प्रोसेसना फाईलसारखं वाचता यावं अशी कल्पना मांडली. युनिक्सच्या आठव्या आवृत्तीत ती आली आणि पुढे लिनक्समधल्या प्रोक फोल्डरची ती पूर्वज ठरली. प्रोकमधल्या फाईली डिस्कवर नसतातच. तुम्ही वाचायला गेलात की कर्नल त्या क्षणी मजकूर तयार करून तुमच्या हातात ठेवतो. आपली सगळी टूल्स याच मजकुरावर जगतात. टूल लिहिणं इतकं सोपं झालंय ते त्यामुळे, आणि माझ्या मते इतकं फसवंही.

तेव्हाच्या मशीनवर एकाच वेळी अनेक माणसं बसलेली असायची. मशीन मंद झालं की पहिला प्रश्न यायचा: आत्ता कोण अडवून बसलंय? टॉपच्या पडद्याचं सगळं रूप या प्रश्नातून निघालंय, असं मला वाटतं. सीपीयूनुसार उतरता क्रम, दर काही सेकंदांनी ताजा पडदा, आणि जुनं सगळं विसरून जाणं. अपराधी शोधायला आरएसएस पुरते, कारण तिथं बेरीज करायचीच नसते. कोण मोठं एवढंच बघायचं असतं. संशोधकाचा प्रश्न मात्र वेगळा असतो. माझ्या प्रयोगाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकूण किती लागलं? 'आत्ता कोण' आणि 'एकूण किती' या दोन प्रश्नांना एकच पडदा पुरतो असं धरून चालणं ही माझ्या टूलची मूळ चूक होती. बाकीच्या सगळ्या चुका तिच्याच लेकी.

सीपीयूच्या टक्क्यांत त्या चांगल्याच दिसतात. समजा एक प्रोसेस १०० मिनिटांपूर्वी सुरू झाली. पहिली ५० मिनिटं नुसती डेटाची वाट बघत झोपली, नंतरची ५० मिनिटं एक कोअर पूर्ण वापरतेय. पीएस म्हणेल ५० टक्के, टॉप म्हणेल १०० टक्के. त्याच क्षणी, त्याच मशीनवर. दोघंही खरं बोलतायत. पीएस जन्मापासूनची सरासरी सांगतं, टॉप मागचा पडदा रंगवल्यापासूनची. पीएसच्या मॅन्युअलमध्ये तर ही रीत फारशी आदर्श नाही अशी कबुलीसुद्धा आहे, पण मॅन्युअल वाचतो कोण? पुन्हा आठ कोअरच्या मशीनवर आठ थ्रेड जोरात चालले तर टॉप ८०० टक्के दाखवतं, आणि टॉपमध्ये कॅपिटल आय दाबलं की त्याचेच १०० होतात. एका प्रबंधात मजकुरात ३४० टक्के आणि शेजारच्या आलेखात उभा अक्ष १०० वर संपलेला, असं मी पाहिलंय. दोन आकडे दोन टूल्समधून आले होते आणि कोणता कुठून आला हे लिहिलेलं नव्हतं.

एचटॉपचंही तसंच. हिशाम मुहम्मद यांनी २००४ साली आणलेलं हे टूल मला मनापासून आवडतं. आईबाप-पोरांची झाडासारखी मांडणी, वरखाली सरकता येणं, माऊस चालणं, सगळं छान. पण त्यात प्रत्येक थ्रेडची वेगळी ओळ दिसू शकते आणि त्या प्रत्येक ओळीत अख्ख्या प्रोसेसचीच मेमरी लिहिलेली असते. नवखा माणूस त्या ओळींची बेरीज करतो आणि माझ्यासारखाच वाड्यात आठ अंगणं काढून बसतो. एचटॉप बेरीज करा असं म्हणत नाही, हे खरं. करू नका असंही म्हणत नाही.

आपण टूल लिहितो तेव्हा यात स्वतःची भर घालतो. माझ्या टूलमध्ये मी नमुना घेण्याचं अंतर ०.१ सेकंद ठेवलं होतं आणि रिपोर्टात त्याला उच्च अचूकता म्हटलं होतं. प्रोकमधल्या स्टॅट फाईलीत सीपीयूचा वेळ टिकमध्ये मिळतो, आणि नेहमीच्या लिनक्स मशीनवर सेकंदाला १०० टिक असतात. म्हणजे एक टिक १० मिलिसेकंदांची, आणि ०.१ सेकंदात जेमतेम दहा टिक. माझा आकडा एका थ्रेडसाठी ०, १०, २०, ३० अशा उड्याच मारू शकत होता. आलेख पायऱ्यापायऱ्यांचा आला. त्यावर मी मास्टर्सच्या रिपोर्टमध्ये 'प्रणालीच्या वर्तनातील असंतत बदल' असा अर्ध्या पानाचा परिच्छेद लिहिलाय. तो रिपोर्ट लायब्ररीत आहे. कुणी काढून वाचू नये ही विनंती.

दुसरी गंमत भागाकाराची. टूल एक सेकंद झोपून उठतं असं आपण धरतो आणि एकनं भागतो. मशीनवर ताण असेल तर ते १.२ सेकंदांनी उठतं, आणि एका कोअरवरच्या प्रोसेसचा वापर १२० टक्के दिसतो. ताण असतो तेव्हाच नेमका आपल्याला आकडा हवा असतो! उपाय सोपा आहे. प्रत्येक वेळी घड्याळ बघायचं आणि खरोखर गेलेल्या वेळेनं भागायचं. घड्याळही असं घ्यायचं, जे फक्त पुढेच जातं; तारीख-वेळ दुरुस्त झाली तरी मागे सरकत नाही.

आता छोट्या आयुष्याच्या प्रोसेस. माझ्या टूलनं एकदा सांगितलं की अख्खा प्रोजेक्ट मेकनं कंपाईल करायला सीपीयू जवळजवळ लागलाच नाही. पंखा तर घोंघावत होता. झालं असं की मेक प्रत्येक फाईलसाठी नवा कंपायलर चालवतं, आणि त्यातले बरेचसे अर्ध्या सेकंदाच्या आत जन्मून मरून जातात. दर सेकंदाला डोकावणाऱ्याला ते दिसतच नाहीत. पण कर्नल त्यांना विसरत नाही. पोर मेलं आणि आईबापानं त्याची रीतसर दखल घेतली, म्हणजे वेट केलं, की त्याचा खर्च आईबापाच्या खात्यावर चढतो. स्टॅट फाईलीतले १६ आणि १७ नंबरचे रकाने हेच खातं. मी फक्त १४ आणि १५ वाचत होते, म्हणजे प्रोसेसचा स्वतःचा खर्च. टाइम नावाची जुनीपुराणी कमांड कसलाही आलेख न काढता या बाबतीत माझ्या टूलपेक्षा बरोबर उत्तर देत होती. (मेमरीसाठी मात्र तिच्यावर डोळे झाकून विसंबू नका. ती जो कमाल आकडा देते तो सगळ्या पोरांची बेरीज नसून त्यातल्या सगळ्यात मोठ्या एका प्रोसेसचा असतो.)

स्टॅट फाईलीचा विषय निघालाच आहे तर माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक सांगून टाकते. ही फाईल म्हणजे एक लांब ओळ, रकाने मोकळ्या जागेनं वेगळे केलेले. दुसऱ्या रकान्यात कंसात प्रोसेसचं नाव. मी ओळ मोकळ्या जागांवर तोडली आणि रकाने मोजले. सोपं. पण नावातच मोकळी जागा असली तर? टीमक्सच्या सर्व्हरच्या नावात असते, फायरफॉक्सच्या काही प्रोसेसच्याही नावात असते. तिथून पुढचे सगळे रकाने एकेक घर उजवीकडे सरकतात. मग चौदावा म्हणून मी जो वाचत होते तो खरा तेरावा होता, पोरांच्या मोठ्या पेज फॉल्टची संख्या, जी बहुतेक वेळा शून्य. आणि पंधरावा म्हणून वाचत होते तो खरा चौदावा, म्हणजे प्रोग्रॅमच्या स्वतःच्या कोडमध्ये गेलेला वेळ. कर्नलच्या कामात गेलेला वेळ सरळ गायब. आकडा आला, पटण्याजोगा आला, थोडासा कमी आला. मेमरी मी वेगळ्या फाईलीतून घेत होते म्हणून तिथंही घंटा वाजली नाही. वर्षभर कुणाला कळलं नाही. ओळ शेवटच्या बंद कंसापासून पुढे वाचायची, एवढाच यावरचा इलाज.

टूल कोसळलं असतं तर बरं झालं असतं, हे मला इथं फार जाणवलं. कोसळणारं टूल आपण दुरुस्त करतो, पण जे दहा-वीस टक्के चुकतं आणि छान आलेख काढतं त्याच्यावर आपण पेपर लिहितो.

प्रोसेसच्या नंबरचीही एक बारीक खोच आहे. नंबर पुन्हा वापरले जातात. मूळ मर्यादा ३२,७६८ ची, नव्या मशीनवर बहुधा त्याहून खूप मोठी. लांब चालणाऱ्या प्रयोगात ४१२० नंबरची प्रोसेस मरून दुसरीच कुणीतरी ४१२० होऊ शकते. नंबरासोबत २२ व्या रकान्यातली सुरू होण्याची वेळ धरली की ओळख पक्की होते. पुढे जाऊ.

एक आक्षेप तुमच्या मनात आला असेल. स्मॅप्स वाचा म्हणता, पण ते हळू आहे हे खरं ना? खरं आहे. मोठ्या प्रोसेसची स्मॅप्स वाचताना कर्नलला तिचा सगळा पानांचा नकाशा चालत जावं लागतं. सेकंदाला दहा वेळा असं करत राहिलात तर जिला मोजताय तिलाच अडवाल. म्हणून आम्ही शेवटी दोन वेगळ्या फेऱ्या केल्या. वेळ मोजायच्या फेरीत टूल बंद, मेमरी मोजायच्या फेरीत वेळेचा आकडा टाकून द्यायचा. कंटाळवाणं वाटतं, पण पर्याय काय? मोजमापाच्या बाबतीत किती क्षुल्लक गोष्ट आकडा हलवू शकते यावर टॉड मिट्कोविच आणि सहकाऱ्यांचा २००९ सालचा एक पेपर आहे. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सनी व्यापलेली जागा कमीजास्त झाली किंवा लिंक करतानाचा फाईलींचा क्रम बदलला, तरी प्रोग्रॅमच्या वेगाबद्दलचा निष्कर्ष फिरू शकतो, असं त्यांनी दाखवलं. कोर्सवर्कमध्ये पहिल्या महिन्यात तो वाचायला द्यावा असं माझं मत. मला तो तिसऱ्या वर्षी हाती लागला.

आणि एक मार्ग असा की स्वतः मोजायचंच नाही, कर्नललाच खातं ठेवायला सांगायचं. सीग्रुपची दुसरी आवृत्ती असलेल्या मशीनवर अख्खा प्रयोग एका खोक्यात घालता येतो. त्या खोक्यात जन्मलेल्या आणि मेलेल्या सगळ्यांचा सीपीयू एकत्र मांडला जातो, आणि मेमरीतलं सामाईक पान एकदाच धरलं जातं. मी हे केलं असतं तर ते ४६ कधी जन्मालाच आले नसते. पण इथंही प्रश्न बदलतोच. खोक्याच्या मेमरीत फाईली वाचताना साठलेला कॅशही मोजला जातो, म्हणजे आकडा पीएसएसच्या बेरजेपेक्षा मोठा येऊ शकतो. पेपरात लिहिताना कोणता आकडा दिला ते लिहावंच लागतं. एक वाक्य लागतं त्याला.

परत त्या नऊ खुणांच्या तक्त्याकडे येते. त्या तक्त्याबद्दल माझी तक्रार अशी की त्यातल्या एकाही ओळीत 'उत्तर बरोबर येतं का' हा प्रश्न नाही. आलेख आहे का, मेल जातो का, मोबाईलवर दिसतं का, हे सगळं आहे. अशा प्रोजेक्टमध्ये संशोधन नाही असं मला म्हणायचं नाही. उलट भरपूर आहे, पण ते नेमकं त्या न विचारलेल्या ओळीत आहे. वायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनीही मला ते विचारलं नाही. त्यांनी आलेखाचा रंग बदलता येतो का, असं विचारलं. येत होता.

तुम्ही असं टूल लिहीत असाल, किंवा दुसऱ्याचं वापरून सिनॉप्सिसमध्ये आकडे टाकणार असाल, तर आधी असे प्रोग्रॅम लिहा ज्यांचं उत्तर तुम्हाला आधीपासून माहीत आहे. पन्नास-साठ ओळींचं काम आहे. एक प्रोग्रॅम १ जीबी मेमरी घेईल, ती पूर्ण भरेल, मग चार पोरं फोर्क करेल आणि सगळे मिळून नुसते झोपतील. उत्तर १ जीबीच्या जरासं वर यायला हवं. ५ आलं तर तुम्ही माझ्या वाड्यात राहायला आलात. दुसरा प्रोग्रॅम अर्धा सेकंद काम करेल, अर्धा सेकंद झोपेल, असं दहा मिनिटं. तिसरा एकामागून एक अशी पन्नास पोरं जन्माला घालेल, प्रत्येक पोर ०.२ सेकंद सीपीयू जाळून मरेल. एकूण १० सेकंद दिसायला हवेत. चौथ्याचं नाव मुद्दाम असं ठेवा की त्यात मोकळी जागा आणि बंद कंस दोन्ही येतील. मग हे चारही मशीन शांत असताना आणि मशीनवर दुसरं जड काम चालू असताना, असे दोनदा मोजा. माझं मास्टर्सचं टूल या चारपैकी फक्त दुसऱ्यात पास झालं, तेही मशीन शांत असतानाच.

पेपरचं पुढे काय झालं असं विचाराल. त्या दोन दिवसांत आम्ही तो पाठवला नाही. गाईड रागावले नाहीत, फक्त म्हणाले की गोषवाऱ्यातलं दुसरं वाक्य काढल्यावर काय उरतं ते बघ. फारसं काही उरत नव्हतं. चार महिन्यांनी वेगळा पेपर झाला, त्यात मेमरीचा तक्ता तीन ओळींचा आहे, फरक शेकडा नऊ, आणि खाली मोजण्याची पद्धत सांगणारी पाच वाक्यं. त्या मुलीचं नाव आभारात आहे. सहलेखकांत असायला हवं होतं, हे मी तेव्हा बोलायला हवं होतं आणि बोलले नाही.

टूलही अजून वापरात आहे. आलेख काढून टाकला, मेलची सोय काढून टाकली. आता ते प्रयोग संपल्यावर एकच ओळ छापतं, आणि बेरीज मशीनच्या रॅमपेक्षा मोठी आली तर काहीही न छापता थांबतं. ही शेवटची अट तिनंच लिहिली आहे.